वाऱ्याकडे तोंड करून चालणारा माणूस

त्या माणसानं माझ्या मजकुरातली अकरा विशेषणं खोडली, तेव्हा आमची ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

मजकूर पर्यटनाच्या माहितीपत्रकाचा होता. मी बहारीनमध्ये, माहूज भागातल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत काम करते. लिहायला शिकले ते पुण्यात, कॉलेजात असताना, मोर्चाच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून पत्रकं लिहिताना. त्या शिक्षणावर इथं पोट भरतं, कारण ज्याला ‘संघर्ष’ लिहिता येतो त्याला ‘सूर्यास्त’ लिहिणं जड जात नाही. एका टूर कंपनीला ‘काळ्या सोन्याची वाट’ अशी एक दिवसाची सहल विकायची होती. आखाताच्या या काठावर तेल पहिल्यांदा लागलं ते बहारीनमध्ये, जबल दुखान डोंगराच्या पायथ्याशी. मग सोनं सापडल्यावर जग धावतं तसं सगळं जग इकडं धावलं. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे पाणी सोडून वाळूत आले आणि त्यांच्या मागोमाग आपल्याकडचे फिटर, कारकून, आचारी. ती वाट पर्यटकांना एसी गाडीतून दाखवायची, पहिल्या तेलविहिरीपाशी फोटो आणि परत.

आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक कोल्हापूरकडचे काका राहायचे. ती वाट त्यांनी पायाखाली घातलीय, त्यांना दाखवून घे, असं कुणीतरी सांगितलं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना चाललं नसतं.

“विलोभनीय म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, ते मोजायचं नसतं.

“मग लिवायचं कशाला?” म्हणाले आणि पेन्सिल फिरवली. शेवटी कागदावर उरलं ते इतकंच: रस्ता आहे, डाव्या हाताला पाइप आहे, पुढं डोंगर आहे, डोंगराखाली विहीर आहे. टूर कंपनीनं अर्थातच माझीच विशेषणं छापली.

काका लाइनवॉकर होते. म्हणजे तेलाच्या पाइपलाइनच्या कडेकडेनं चालत जायचं, कुठं गळती, कुठं गंज, कुठं खांब सरकलाय ते बघायचं आणि संध्याकाळी वहीत लिहायचं. वहीत दोनच शेरे चालायचे. ‘ठीक’ किंवा ‘पुन्हा चाल’. शंका आली की तेवढा तुकडा दुसऱ्या दिवशी परत चालून बघायचा, म्हणून ‘पुन्हा चाल’. एका ठेकेदाराकडे त्यांनी हे काम तीस वर्षं केलं. ते सुटल्यावर सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला लागले, पण चाल सुटली नाही.

चाल म्हणजे अक्षरशः चाल. लाइनवॉकर वाऱ्याकडे तोंड करून चालतो. गॅस सुटला असेल तर वास समोरून नाकात यायला हवा. वारा पाठीशी असेल तर माणूस वासाच्या आत शिरेपर्यंत त्याला कळत नाही. हे वाळवंटात ठीक आहे. काका मात्र कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये दूध आणायलाही तसेच जायचे. उत्तरेचा वारा असेल तर दोन मिनिटांचं दुकान. वारा फिरला की सगळ्या ब्लॉकला वळसा घालून, पार पलीकडच्या मशिदीपासून उलटे यायचे. आमच्या मजल्यावरच्या केरळी नर्सनं एकदा मला विचारलं होतं की या अंकलना दुकान सापडत नाही का. दुकानदाराला सवय झाली होती. वारा पडलेला असेल त्या दिवशी तो विचारायचा, चाचा, आज कोणत्या रस्त्यानं?

आणि ‘ठीक’. चहा ठीक. नवीन सोफा ठीक. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ अडीच तास बघितला, आणि शेवटी ठीक. त्यापेक्षा वरचा शेरा त्यांच्याकडं नव्हताच. काकी कोल्हापूरला असायच्या, रोज सात वाजता फोन. एकदा फोन माझ्या हातात होता तेव्हा मी तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, “मला बघायला आले तवा अंगणात जाऊन ‘ठीक’ म्हणाले होते. आमची आई दोन दिवस रडत होती, पोरीत काय खोट निघाली म्हणून.”

माझ्या पत्रकांना त्यांनी कधी ‘ठीक’ दिलं नाही. मी इथंही पत्रकं लिहायची सोडली नव्हती. भर दुपारी उन्हात कामाला जुंपणं, पासपोर्ट काढून ठेवणं, एका खोलीत बारा माणसं. लिहिण्यासारखं कमी नाही आणि मला गप्प बसता येत नाही. प्रत्येक पत्रक मी आधी त्यांना वाचायला द्यायचे. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे आणि खाली पेन्सिलीनं लिहायचे: पुन्हा चाल. मी चिडायचे. यात खोटं काय आहे, असं विचारायचे. खोटं काही न्हाई, म्हणायचे, पण तू लांबनं बघून लिवलंयस.

थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी ते स्वतःची सहल काढायचे. गाडी वर्कशॉपची मिनीबस, मालकांनी शुक्रवारपुरती दिलेली. माणसं सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पमधली, ज्यांना त्या दिवशी सुट्टी असेल ती. वाट तीच, काळ्या सोन्याची, पण सहल उलटी. पहिला अर्धा तास बोलायचं नाही. विहिरीपर्यंत फोटो नाही. पाइपला हात लावायचा नाही, “ती आपली न्हाई, डोळ्यानं बघा.” अवाली गावाच्या पुढं जिथं काहीही नाही अशा ठिकाणी गाडी थांबवायचे आणि सांगायचे की इथं एक पठाण बसायचा, त्याला दूरवरून पाइपातला आवाज कळायचा. इथं एका फिटरला साप दिसला होता आणि तो साप नव्हता, दोरी होती, आणि तरी त्याला ताप आला. मग वाळूत चादर, खुबूज म्हणजे इथली रोटी, आणि काकींनी पाठवलेला ठेचा. वाळवंटात एकटंच उभं असलेलं जे प्रसिद्ध झाड आहे, तिकडं ते कधीच न्यायचे नाहीत. झाड बघायला सगळेच जातात, म्हणायचे. शेवटी विहीर. तिथं पाटी आहे, साल आहे. काका तिच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि माणसं फोटो काढायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पाटीपाशी माझं डोकं फिरलं. ज्यांनी खणलं, वाहिलं, रंगवलं, त्यांतल्या एकाचं नाव नाही. मी वीस माणसांसमोर भाषण दिलं. बहुतेकांना मराठी येत नव्हतं, म्हणून हिंदीत परत दिलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, नावं कशाला पायजेत, लाइन हाय की उभी. मी म्हटलं, हे मालकांचं बोलणं झालं. ते रागावले नाहीत. ठेचा पुढं केला.

यावर आमचं कधीच जुळलं नाही, आणि मी अजूनही माझ्याच बाजूला आहे.

आता शिवाप्पा. गडहिंग्लजकडचा, वर्कशॉपमधला पेंटर. एकोणीस वर्षं त्यानं सलमाबादच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाइप घासले आणि रंगवले. रंगवलेले पाइप ट्रेलरवर चढायचे, फाटकातून बाहेर जायचे, आणि ते कुठं जातात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. काकांना तो अण्णा म्हणायचा. दर थंडीत विचारायचा, अण्णा, मला कवा नेणार? आणि दर शुक्रवारी त्याला ओव्हरटाइम निघायचा. तो नाही म्हणायचा नाही. मग एका जानेवारीत त्याचा व्हिसा कॅन्सल व्हायची तारीख आली. शनिवारी संध्याकाळचं विमान, कायमचं घरी. आदल्या दिवशीचा शुक्रवार काकांनी त्याच्यासाठी राखून ठेवला. “एक शुक्रवार उरलाय,” मला म्हणाले, “त्याला पाइप दाखवायचा.”

मी हे ऐकलं आणि पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार? ‘एकोणीस वर्षं. एक शेड, एक खोली, एक विमानतळ. या माणसानं बहारीनमध्ये काहीही पाहिलं नाही.’ शिवाप्पाचं नाव घातलं, गावही घातलं. त्याला विचारलं नाही. काकांनाही या वेळी दाखवलं नाही, कारण शेरा माहीत होता. त्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. तिळगुळाच्या पुड्या बांधायचं काम माझ्याकडं आलं आणि मी प्रत्येक पुडी एकेका पत्रकात बांधली. दोनशे घरांत गेली. सगळ्यांनी गोड बोलायचं कबूल करून ती उघडली.

वर्कशॉपचे मालक मंडळाच्या कमिटीत होते. सभ्य माणूस, पुण्याचे. ओरडले नाहीत, मला तर फोनही केला नाही. बुधवारी, मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये काकांकडं बसलेली असताना, त्यांना फोन करून एवढंच म्हणाले की मिनीबस सर्व्हिसिंगला टाकलीय, शुक्रवारी काही मिळेल असं वाटत नाही. शुक्रवारनंतर? बघू, इंशाल्ला.

काकांनी फोन ठेवला आणि स्टोअरच्या खणातून पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. त्याला तीळ चिकटलेले होते. मी वाट बघत होते की ते बोलतील. ते म्हणाले, गाडी गेली. मी म्हटलं, मी टॅक्सी करते, दिवसभराची. चूक माझी आहे, मजकुराची नाही, पण पुडीची आहे.

“टॅक्सीतनं विहीर दिसंल. त्याला पाइप बघायचाय.” मग म्हणाले, “लाल बस कुठवर जाती, अवालीपत्तर ना? फुडं चालू.”

काकांच्या उजव्या गुडघ्यात तेव्हा पाणी व्हायचं. ते मी बोलून दाखवलं. खलास, म्हणाले, आणि विषय संपला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं लाल बसनं अवालीच्या पुढच्या वळणावर उतरलो. शिवाप्पानं घरी जाण्यासाठी घेतलेले नवे बूट आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि खुबूज. काकांनी बोट ओलं करून वर धरलं. वारा समोरून होता. यल्ला, म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.

ती चाल मला नीट आठवते, कारण अर्धा तास मला बोलायला बंदी होती. रस्त्याच्या डाव्या हाताला पाइप, गुडघाभर उंचीवर, सिमेंटच्या छोट्या खांबांवर, प्रत्येक खांबावर रंगानं घातलेला आकडा. लांबवर थंडीतल्या सहलींसाठी ठोकलेले पांढरे तंबू, त्यांच्यापुढं वाळूत गाड्या फिरवणारी पोरं. जबल दुखान धुरकट, त्याचं नावच धुराचा डोंगर असं. काका प्रत्येक खांबापाशी पुटपुटायचे, ठीक. पुढचा खांब. ठीक. त्यांचा पाय ओढत होता आणि त्यांनी तो ओढतोय असं दाखवलं नाही.

शिवाप्पा एका खांबापाशी बसला. मला वाटलं बूट चावला.

“अण्णा, हे माझं हाय.”

काका थांबले. शिवाप्पा दोन पाइप जोडलेल्या वेल्डकडं बोट दाखवत होता, हात न लावता. त्यानं मला समजावून सांगितलं. स्प्रेचा रंग वेल्डच्या खाचांत बसत नाही, म्हणून तिथं आधी ब्रशनं एक पट्टा मारून घ्यावा लागतो. वरून कितीही स्प्रे केला तरी पट्ट्याच्या रेघा राहतात. तो डावखुरा. त्याचा ब्रश उचलताना डावीकडं वळतो. शेडमध्ये दुसरा डावखुरा कुणी नव्हता.

मी म्हटलं, कशावरून? त्यानं मला पुढच्या वेल्डपाशी नेलं. तिथं रेघा उजवीकडं वळत होत्या. हा दुसऱ्याचा. त्याच्या पुढचा परत डावीकडं. मला दिसलं. एकदा दिसल्यावर दिसायचं थांबेना.

मग तो आमच्या पुढं चालायला लागला. काका मागं राहिले आणि शिवाप्पा खांबामागून खांब बोलत गेला. हे माझं. हे न्हाई. हे माझं, तवा पावसाची हवा होती, वाळायला दोन दिवस लागले. हे माझं. एकोणीस वर्षांची शेड तो वाळवंटात वाचत चालला होता, आणि माझ्या पिशवीत उरलेल्या पत्रकांवर लिहिलं होतं की या माणसानं काहीही पाहिलं नाही.

खांब एक्केचाळीसपाशी तो वाकला, मग गुडघ्यावर टेकला, मग इस्त्रीच्या शर्टासकट वाळूत उताणा झाला. पाइपच्या खाली, त्याच्याच वेल्डवर, बोटाच्या पेराएवढा गंज होता. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. उठला तेव्हा पाठीवर वाळू होती, ती त्यानं झटकली नाही.

“उद्या जायचं हाय,” म्हणाला, “आन् हे.”

इतक्या माणसांच्या इतक्या हातांनी बांधलेल्या त्या लाइनवर एवढासा डाग. त्याला दिलेल्या खोलीबद्दल, बुडालेल्या शुक्रवारांबद्दल हा माणूस मला कधी एवढा दुखावलेला दिसला नव्हता. मला त्याचाही राग आला. कशाला तुला याची पडलीय, असं तोंडावर आलं होतं. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि मी ते गिळलं.

“नंबर लिव,” काका मला म्हणाले. त्यांची वही मिनीबसच्या खणात राहिली होती, सर्व्हिसिंगला. जवळ कागद होता तो पत्रकांचाच. मी पत्रक काढलं, मागची कोरी बाजू वर केली आणि लिहिलं: खांब ४१, वेल्डखाली, भीषण गंज. काकांनी पेन मागून घेतलं आणि ‘भीषण’ खोडलं. त्याजागी ‘एक पेर’ लिहिलं. खाली, पुन्हा चाल.

शिवाप्पानं कागद हातात घेऊन उलटा केला. तो पुढची बाजू वाचायला लागला, बोट फिरवत, सावकाश. मला तिथून पळून जावंसं वाटलं. जायला वाळवंटात जागा पुष्कळ होती.

“ताई,” तो म्हणाला, “हे खरं हाय. पण ह्यात मी काय करत हुतो, ते कुठं हाय?”

मी त्याची माफी मागितली, त्याला न विचारता नाव छापल्याबद्दल. तो लाजला आणि म्हणाला, असू दे, माझं नाव कुठं छापून आलं नव्हतं. मालकांची माफी मी आजतागायत मागितलेली नाही.

आम्ही विहिरीपाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शिवाप्पानं पाटीकडं एकदा बघितलं, मग बोल्टांकडं पुष्कळ वेळ. कुणी मारलाय हा रंग, म्हणाला, लई जाड बसवलाय. काका दगडावर बसून गुडघा चोळत होते. ते हसले. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं. शिवाप्पाला विहिरीचा फोटो नको होता. परतीच्या वाटेवर एक्केचाळीसपाशी उभा राहून त्यानं फोटो काढून घेतला, गंजाच्या बाजूला उभं राहून, जणू तो गंज म्हणजे चुकलेला मुलगा आहे आणि तरी आपलाच आहे.

शनिवारी तो गेला. रविवारी काका मीना सलमान बंदराकडं लाइनच्या देखभालीच्या ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन तो कागद देऊन आले. तिथल्या कारकुनानं आधी छापील बाजू वाचली आणि घाबरून विचारलं की ही तक्रार कोणाविरुद्ध आहे. काकांनी कागद उलटा करून दिला.

दोन आठवड्यांनी मालकांचा फोन आला, सर्व्हिसिंग झालंय म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात काकाही कोल्हापूरला परत गेले. सामान दोन बॅगा. रिकाम्या घरात फिरून त्यांनी दारं, नळ, खिडक्या बघितल्या आणि प्रत्येकाला शेरा दिला. मला काही शेरा दिला नाही. आता काकी फोनवर सांगतात की दूध आणायला डेअरीत जातात आणि वारा फिरला की दुपारी येतात, दूध नासतं.

या थंडीत मी एकटीच लाल बसनं गेले. एक्केचाळीस नंबरवर नवा पट्टा मारलेला होता, रेघा उजवीकडं वळलेल्या. मी फोटो काढून गडहिंग्लजला पाठवला आणि खाली लिहिलं, झालं बघ. मिनिटाभरात त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागं म्हशीचं रेकणं: ताई, वरनं सगळेच मारत्यात. खाली आडवं पडून बघा.

मी ओढणी अंथरली आणि पाइपखाली उताणी झाले. हात लावला नाही. खालच्या बाजूला ब्रश पोचलाच नव्हता, गंज तसाच होता, आता दोन पेरं.

उठून मी पिशवीतून एक पत्रक काढलं, मागची बाजू वर केली आणि लिहिलं: खांब ४१. वेल्डची खालची बाजू राहिली. गंज दोन पेरं. पुन्हा चाल.

एकही विशेषण नव्हतं. मग मी आणखी एक ओळ घातली, जी काकांनी नक्की खोडली असती, आणि कागद घेऊन मीना सलमानच्या बसला उभी राहिले.

मूळ रंग: शिवाप्पा, पेंटर, सलमाबाद.